पायडलवर जोर दिला की येणारी कुरकुर: मूळ नेमके कसे शोधावे?

बोपदेवकर

माझ्याकडे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची हायब्रिड सायकल आहे. पुढे 48, 38 आणि 28 दात्यांची तीन चेनरिंग, मागे 11 ते 32 दात्यांची आठ गिअरची कॅसेट, दोन्ही चाकांना क्विक रिलीज (हत्याराशिवाय चाक सोडता येणारा दांडा) आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक अशी तिची साधी रचना आहे. आठवड्यात कोथरूडहून हिंजवडीला कार्यालयात जाण्यासाठी आणि रविवारी बोपदेव घाट चढण्यासाठी ती नियमित वापरात असते. यंदाचा पावसाळा संपत आला तेव्हापासून उजवे पायडल खाली दाबताना 'कुर्र-टक्' असा आवाज येऊ लागला आहे. सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये तो जवळजवळ ऐकू येत नाही; चढ लागून पायावर जोर आला की प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठरावीक जागी येतो. सायकल स्टँडवर लावून हाताने पायडल फिरवले तर मात्र काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे दुकानात नेऊन दाखवायचीही पंचाईत होते.

आवाज पायांच्या मधून, म्हणजे क्रँक (पायडलचे दांडे) ज्या एक्सलवर बसतात त्या बॉटम ब्रॅकेटमधून (बीबी) येतो असे मला वाटले आणि शेजारून चालवणाऱ्या मित्रालाही तसेच वाटले. दुकानात 'बीबी गेला' असे निदान झाले आणि चौकोनी एक्सलचा नवा सीलबंद बीबी बसवून मिळाला. काही दिवस सायकल गप्प राहिली, आणि मग घाटात पुन्हा तोच आवाज त्याच जागी सुरू झाला. आता पूर्ण क्रँकसेट (क्रँक आणि चेनरिंग) बदलून पाहावा, असा सल्ला मिळाला आहे. चेन धुऊन तेल दिले आहे, सीटचे आणि हँडलचे बोल्ट आवळून पाहिले आहेत, त्याने फरक पडलेला नाही. आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, तिचा अर्थ मला लागलेला नाही: परतीच्या पावसात सायकल भिजली की आवाज थांबतो, आणि एक-दोन कोरडे दिवस गेले की परत येतो.

भाग बदलत बसण्याऐवजी घरच्या घरी, थोडक्या हत्यारांनी मूळ शोधण्याची काही पद्धत आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आटेपाटे

क्रँकसेट तूर्त बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तो दोषी ठरत नाही, निर्दोषही ठरत नाही. एवढ्यावर पैसे खर्च करणे योग्य नव्हे.

आधी कुरकुर का होते ते पाहू, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबलेले असताना त्यांच्यावर आडवा जोर आला की ते आधी चिकटून राहतात, ताण साठत जातो, आणि एका क्षणी ते केसभर घसरून पुन्हा चिकटतात. त्या घसरणीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. म्हणून सैल झालेला भाग बहुधा खडखडतो किंवा टकटकतो, आणि कुरकुरणारा भाग पुष्कळदा व्यवस्थित आवळलेला, पण आतून कोरडा पडलेला किंवा मातीचे कण अडकलेला असतो. असा भाग वरून आणखी आवळल्याने काही काळ बरे वाटते, किंवा काहीच होत नाही, आणि फार जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. तो उघडणे, पुसणे, ग्रीस लावणे आणि ठरलेल्या जोराने पुन्हा आवळणे हाच उपाय असतो. स्टँडवर हाताने फिरवताना आवाज न येण्याचे कारणही हेच आहे: तिथे जोरच नसतो, मग ताण साठणार कुठून?

दुसरी गोष्ट, या कामात कानावर फार विसंबू नये. सायकलचा सांगाडा पोकळ, पातळ भिंतींच्या नळ्यांचा असतो. तंबोऱ्याची तार कुठेही छेडली तरी नाद भोपळ्यातूनच येतो, तसे सीटच्या दांडीतले किंवा मागच्या चाकाचे कुरकुरणे नळ्यांमधून फिरून बीबीजवळून आल्यासारखे वाटते. दोन नळ्या आणि मागचे दोन दांडे तिथेच एकत्र येतात, आणि चालवणाऱ्याचे पायही तिथेच असतात. त्यामुळे बीबीवर जितके आरोप होतात तितका तो गुन्हेगार नसतो.

आता चाचण्या. पहिली चाचणी तालाची. आवाज पायडलच्या फेऱ्याशी बांधलेला आहे, चाकाच्या फेऱ्याशी, की चेनच्या फेऱ्याशी, हे ठरवायचे. यात एक सापळा आहे आणि घाटात चालवणारे त्यात हमखास सापडतात: पुढे 28 आणि मागेही 28 दात्यांवर चेन असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही बरोबर एकच फेरा होतो, आणि दोन्हींचे आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून गिअर बदलून, समजा पुढे 38 आणि मागे 18 करून, त्याच चढावर थोडे अंतर जा. तरीही पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच आवाज येत असेल तर चाकाचे आरे, टायर आणि डिस्क यांचा विषय जवळजवळ संपला. आवाज दर तिसऱ्या फेऱ्याला येत असेल तर चेनकडे पाहा. चेनला 114 दुवे असतील तर 38 दात्यांच्या चेनरिंगवर ती बरोबर तीन फेऱ्यांत एकदा फिरते, आणि एखादा आखडलेला दुवा त्या हिशेबाने हजेरी लावतो.

दुसरी चाचणी बसण्याची. त्याच चढावर सीटवरून उठून, उभ्याने पायडल मारा. आवाज थांबला तर सीट, सीटखालच्या सळ्या, त्यांचा पकडबोल्ट आणि सीटची दांडी तपासा. दांडी बाहेर काढून, आतली माती पुसून, ग्रीस लावून परत घातली की यातले बरेचसे आवाज जातात. याउलट फक्त उभ्याने, हँडल खेचताना आवाज येत असेल तर संशय स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा), हँडलची पकड आणि हेडसेटवर (हँडल जिथे वळते तिथले बेअरिंग) जातो. बहुतेक स्टेमवर बोल्टसाठी 5 ते 6 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) असे छापलेले असते. ते वाचूनच पाना फिरवावा.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि ती फारसे कोणी करत नाही. हलक्या उतारावर, रहदारी नसलेल्या जागी, पायडल न मारता सायकल जाऊ द्या. दोन्ही क्रँक आडव्या ठेवून पायडलवर उभे राहा, गुडघ्यातून शरीर वरखाली करा, सायकल डावी-उजवीकडे हलवून पाहा. या स्थितीत पायडल, क्रँक, बीबी आणि सांगाडा यांच्यावर तुमचे संपूर्ण वजन असते, किंबहुना दोन्ही पायांचा जोर एक्सलला उलटसुलट पिळत असतो. चेनवर मात्र काडीचाही ताण नसतो. इथे आवाज आला तर क्रँक-बीबीच्या बाजूला राहा. इथे सायकल गप्प बसली तर दुसरा अर्धा भाग करा: सायकलशेजारी उभे राहून मागचा ब्रेक घट्ट धरा, उजवी क्रँक पुढे आडवी ठेवा आणि त्या पायडलवर पायाने जोर द्या. आता चेन ताणली जाते. आवाज आला तर शोध चेनरिंगचे बोल्ट, कॅसेट, फ्रीहब (कॅसेट जिच्यावर बसते ती डबी), मागचा एक्सल आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर एवढ्यांपुरता उरतो.

याच वेळी मित्राला पायडल दाबायला सांगून तुम्ही एकेका सांध्यावर बोटाची पेरे टेकवा. जिथे धातू घसरतो तिथे पेराला बारीकसा झटका जाणवतो. कान जिथे फसतो तिथे बोट सहसा फसत नाही.

एक इशारा आवर्जून देतो. तपासताना सांगाडा स्वच्छ पुसून, तिरप्या प्रकाशात सगळ्या वेल्डच्या कडा बघा, विशेषतः बीबीभोवती, सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला आणि हँडलखालच्या नळीजवळ. रंगात केसाएवढी रेष दिसली आणि ती नखाला लागली तर सायकल चालवणे तिथेच थांबवा. क्रँकच्या दांड्याचेही तसेच.

मिरजेचा_पाना

वरची पद्धत बिनचूक आहे, पण दुकानात गिऱ्हाईक उभे असताना इतक्या चाचण्या होत नाहीत, म्हणून मी जरा वेगळ्या टोकाने येतो. प्रश्नकर्त्याने शेवटी सहज लिहिलेले वाक्यच मला कामाचे वाटते: भिजली की आवाज थांबतो, वाळली की येतो.

सीलबंद बीबीच्या आत पावसाचे पाणी लगेच जात नाही आणि गेले तरी दोन दिवसांत वाळून निघत नाही. पाणी ज्या सांध्यात सहज शिरते आणि सहज सुकते, असा उघडा सांधा कुरकुरत असणार; पाण्याने त्याला तात्पुरते वंगण मिळते. असे उघडे सांधे मोजकेच आहेत. एक्सल ज्या खाचांत बसतो त्या खाचांचे दोन्ही तोंडाचे पृष्ठभाग, डिरेलरचा हँगर, आरे एकमेकांना ओलांडतात त्या जागा, चेनरिंगचे बोल्ट, आणि थोड्याफार प्रमाणात पायडलचे आटे. यातल्या आऱ्यांचा निकाल तालाच्या चाचणीने लागेल. लागलाच संशय तर प्रत्येक ओलांडणीवर तेलाचा एकेक थेंब काडीने द्यावा, फवारा मुळीच मारू नये. डिस्कवर तेल उडाले की ब्रेक गेला म्हणून समजा, मग पॅड बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

नवा बीबी बसवल्यावर काही दिवस आवाज का थांबला, याचे उत्तरही यातच असावे. दुकानात बीबी काढताना सायकल धुतली जाते, बऱ्याचदा मागचे चाक काढून पुन्हा बसवले जाते, चेन उतरते, क्रँक निघते. दहा सांधे हलवले आणि श्रेय मिळाले एकाला. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असते की एका वेळी एकच सांधा उघडावा, साफ करावा, बसवावा आणि मग चालवून पाहावे. सगळे एकदम उघडून ग्रीस लावले तर आवाज जाईलही, पण तो कुठला होता ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळेच उघडावे लागेल.

क्रमाबद्दलही माझे मत सांगतो. ज्याला हत्यार कमी लागते ते आधी. मागचे चाक काढायला हातच पुरतो, म्हणून तिथून सुरुवात. मग पायडल: 15 मिलिमीटरचा पाना, उजवे पायडल नेहमीसारखे डावीकडे फिरवले की सुटते, डाव्या पायडलचे आटे उलटे असल्याने ते उजवीकडे फिरवावे लागते. आटे पुसून ग्रीस लावल्याशिवाय पायडल कधीही परत बसवू नये. कोरडेच बसवलेले पायडल एक तर कुरकुरते किंवा क्रँकमध्ये असे आवळून बसते की पुढे पाइप लावून काढावे लागते. नंतर चेनरिंगचे बोल्ट. क्रँक आणि बीबी सर्वांत शेवटी, कारण त्यांना पुलर (क्रँक ओढून काढणारे हत्यार) आणि खास पाना लागतो. बीबी उघडायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, हायब्रिडला बहुधा इंग्लिश आटे असतात आणि त्यात उजव्या, म्हणजे चेनच्या, बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. 'निघत नाही' म्हणून चुकीच्या दिशेने लांब दांडा लावून कप गच्च केलेले सांगाडे आमच्याकडे येत असतात.

चौकोनी एक्सलवरची क्रँक मात्र सैल नाही ना, एवढे आजच पाहा. ब्रेक धरून दोन्ही क्रँक हातांनी आतबाहेर हलवा. एकच क्रँक हलत असेल तर तिचा बोल्ट सैल आहे. दोन्ही मिळून हलत असतील तर बीबीचे कप किंवा बेअरिंग. सैल क्रँक तशीच चालवली की तिचे चौकोनी भोक झिजून गोलसर होते आणि मग कितीही आवळा, ती बसत नाही. जुन्या काळ्या, दणकट सायकलींना हाच रोग कॉटर पिनेचा (क्रँक एक्सलवर अडकवणाऱ्या पाचरीसारख्या पिनेचा) असतो: पिन झिजली की प्रत्येक फेऱ्याला 'टक्' आणि दोन क्रँक एका रेषेत राहत नाहीत. पिन ठोकतानाही क्रँकखाली जाड पाइपाचा टेकू द्यावा लागतो, नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर आणि कपावर जातो. हे करणारे हात आता कमी झाले, असो.

कोकणवारा

चर्चा फार उपयुक्त चालली आहे, म्हणून माझाही प्रश्न इथेच विचारतो. माझी सायकल कार्बनच्या सांगाड्याची असून बीबी आट्यांचा नाही, दाबून बसवलेला आहे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दोन आवाज एकदम येतात: बसल्यावर सीटच्या दांडीतून आणि उभे राहिल्यावर खालून. वर सांगितल्याप्रमाणे दांडी काढून ग्रीस लावले तर चालेल का? दांडीही कार्बनचीच आहे.

बोपदेवकर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी चाचण्या केल्या, निष्कर्ष लिहितो.

गिअर बदलले तरी आवाज पायडलच्या फेऱ्यालाच राहिला, आणि पुढच्या मधल्या व लहान अशा दोन्ही चेनरिंगवर आला. बसून आला, उभ्यानेही आला. उभ्याने जरा मोठा आला. क्रँक हातांनी हलवून पाहिल्या, दोन्ही घट्ट आहेत. उतारावर पायडल न मारता, आडव्या क्रँकवर उभे राहून बरीच उठाबशी केली, सायकल कितीही हलवली, तरी एकदाही आवाज आला नाही. आणि मग शेजारी उभे राहून मागचा ब्रेक धरून उजवे पायडल दाबले, तर पहिल्याच जोराला 'कुर्र-टक्'! डावी क्रँक पुढे घेऊन ते पायडल दाबल्यावरही आला, पण बारीक. मित्राला दाबायला सांगून मी बोटे टेकवली. चेनरिंगच्या बोल्टांवर काही जाणवले नाही. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, डिरेलर जिथे सांगाड्याला जोडलेला आहे तिथे प्रत्येक वेळी झटका जाणवला. बीबीपासून हे ठिकाण जवळजवळ हातभर लांब आहे, आणि कान तिथे लावला तरी आवाज अजूनही पुढूनच येत असल्यासारखा वाटतो.

आता तिथे नेमके काय उघडावे आणि कसे, ते कृपया सांगावे. डिरेलर काढला की गिअरची सगळी जुळणी बिघडेल अशी भीती वाटते.

आटेपाटे

उत्तम चाचणी केलीत. उजवीकडेच आवाज का, तेही आता सरळ आहे: चेन उजवीकडे असल्याने जोर आला की ती एक्सलचे उजवे टोक पुढे ओढते, आणि ते टोक, हँगर व सांगाड्याची खाच हे तिन्ही क्विक रिलीजच्या एकाच पकडीत असतात. त्यांच्यातला एखादा पृष्ठभाग घसरतो आहे. उजव्या पायाने तुम्ही जास्त जोर देत असाल म्हणून डावीकडचा आवाज बारीक येतो, यात वेगळे काही शोधू नका.

आधी फक्त चाक काढा. चेन सर्वांत लहान चक्रीवर आणून क्विक रिलीज सोडा, चाक खाली घ्या. एक्सलच्या नटांची खाचेला टेकणारी तोंडे, खाचेच्या आतल्या-बाहेरच्या बाजू आणि क्विक रिलीजच्या दोन्ही टोकांची आतली दातेरी तोंडे कोरड्या फडक्याने, मग थोडे रॉकेल किंवा स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसा. डिस्कला बोट लागू देऊ नका, आणि चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नका. पुसल्यावर चाक तसेच बसवून पायडल दाबून पाहा. आवाज थांबला नाही तर हँगर.

हँगर हा सांगाड्याचा भाग नसून मुद्दाम वेगळा, मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकावा आणि सांगाडा वाचावा, एवढ्याचसाठी त्याची योजना असते. डिरेलर त्याला एका 5 मिलिमीटरच्या षट्कोनी बोल्टने जोडलेला असतो. तो सोडला तरी केबल हलत नाही, त्यामुळे तुमची जुळणी बिघडणार नाही. डिरेलर चेनसकट लोंबता ठेवा, फक्त त्याला पीळ पडू देऊ नका. मग हँगरचे एक-दोन बारीक बोल्ट सोडून तो खाचेतून काढा. दोन्ही बाजू स्वच्छ पुसून ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, बोल्टच्या आट्यांनाही द्या, आणि हँगर पूर्ण टेकला आहे याची खात्री करून आवळा. डिरेलरचा बोल्ट साधारण 8 ते 10 न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा असतो. हँगरचे आटे मऊ असतात, तिथे लांब दांड्याचा पाना नको.

ग्रीसचा हात मागच्या चाकापुरताच ठेवा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असताना ब्रेकचा जोर एक्सलला खाचेतून बाहेर ढकलू पाहतो. तिथे पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे ठेवून क्विक रिलीज नीट मिटवणे एवढेच करावे.

उट्रेक्टवासी

कोकणवारा, कार्बनच्या दांडीला साधे ग्रीस लावू नका. ती घसरते, मग माणूस बोल्ट जास्त आवळतो आणि कार्बन चिरडते. त्यासाठी बारीक कण मिसळलेली कार्बन पेस्ट मिळते. तिच्या कणांमुळे कमी जोरातही दांडी धरून राहते आणि कुरकुरही बहुधा थांबते. दांडी काढा, नळीच्या आतला भाग आणि दांडी दोन्ही पुसा, पेस्ट लावा, आणि सांगाड्यावर छापलेल्या आकड्याइतकेच टॉर्क रेंचने (जोराचे माप दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. दांडी ॲल्युमिनियमची आणि सांगाडा कार्बनचा असता तर प्रकरण आणखी बिकट झाले असते, कारण खाऱ्या ओलाव्यात त्या जोडीतले ॲल्युमिनियम गंजून दांडी नळीत कायमची अडकू शकते. कोकणात राहणाऱ्यांनी तशी दांडी अधूनमधून काढून पाहिलेलीच बरी. पकडीचा लहान बोल्टही विसरू नका, त्याच्या आट्यांना आणि डोक्याखाली मात्र साधे ग्रीस हवे.

दाबून बसवलेल्या बीबीबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. सांगाड्यात गुळगुळीत भोक असते, एका प्रचलित प्रकारात 41 मिलिमीटर व्यासाचे, आणि त्यात नायलॉनचे कप नुसते दाबलेले असतात. भोक जरासे मोठे, जरासे लंबगोल किंवा दोन बाजूंची भोके एका रेषेत नसली की कप जोराबरोबर हलतो आणि कुरकुरतो. मग नवा कप बसवला तरी काही काळाने तेच. यावर दोन उपाय आहेत. कप काढून, भोक साफ करून, तिथे चिकट पकडद्रव लावून बसवणे हा एक. त्यात तो द्रव नायलॉनला आणि तुमच्या सांगाड्याला चालतो का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत आधी पाहावे. दुसरा म्हणजे नळीच्या आत दोन्ही कप एकमेकांत आट्यांनी अडकतात असा बीबी घेणे. तो महाग पडतो, पण माझ्या पाहण्यात तोच टिकतो. कप ठोकून काढण्याचे काम घरी करू नका. कार्बनच्या भोकाची कड एकदा उडाली की सांगाडाच दुरुस्तीला जातो. या कटकटीला कंटाळून कित्येक उत्पादक आता आट्यांच्या बीबीकडे परतले आहेत, त्यातले 47 मिलिमीटर आट्यांचे टी-47 हे मानक बरेच रुळले आहे.

आणि कार्बनबाबत आवाजाचा अर्थ जरा गांभीर्याने घ्यावा. नाण्याने हलके टकटक करत गेल्यावर एखाद्या जागी खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला, तर कुरकुरीचा विचार बाजूला ठेवून जाणकाराकडून सांगाडा तपासून घ्या.

बोपदेवकर

चाक काढून सगळी तोंडे पुसल्यावर आवाज कमी झाला, पण गेला नाही. मग हँगर काढला. त्याच्या आतल्या बाजूला आणि सांगाड्याच्या खाचेवर, बरोबर सारख्याच आकाराचा, काळपट राखाडी भुकटीचा थर होता. बोटाला ती पेन्सिलीच्या शिशासारखी लागत होती, आणि तिच्याखाली धातू दोन्हीकडे घासून चकचकीत झालेला दिसत होता. हँगरचा एक बोल्टही मला वाटले त्यापेक्षा सहज सुटला. पुसून, पातळ ग्रीस देऊन, दोन्ही बोल्ट नीट आवळून बसवले. ब्रेक धरून पायडलवर अक्षरशः उभा राहिलो, आवाज नाही. काल घाट चढून आलो, तिथेही नाही. गिअरची जुळणी जशीच्या तशी आहे.

शेवटचा एक प्रश्न: क्विक रिलीज किती घट्ट मिटवावा, याचे काही माप आहे का? माझा दांडा बोटांनीच मिटतो.

मिरजेचा_पाना

काळी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासून झिजत होते, जागा बरोबर सापडली. सैल बोल्टमुळे हँगर हलत होता आणि पावसाच्या चिखलाने उरलेले काम केले.

दांडा बोटांनी मिटत असेल तर तो सैल आहे. दांडा एक्सलच्या रेषेत, म्हणजे चाकाच्या बाहेर सरळ उभा असतानाच जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे, आणि तिथून पुढे तळहाताने दाबत मिटवल्यावर तळव्यावर त्याचा ठसा उमटला पाहिजे. तसे होईपर्यंत समोरचा नट थोडा थोडा आवळा. नट धरून दांडा गोल फिरवत आवळायचा नसतो, तो फक्त मिटवायचा असतो. आणि दांड्याची रचना एकदा बघून घ्या: दांडा प्लॅस्टिकच्या वाकड्या वॉशरवर उघड्यावर फिरत असेल तर त्या प्रकारात पकड कमी बसते आणि ती जागा कोरडी पडली की आणखी कमी होते. तिथे तेलाचा एक थेंब द्या, किंवा सरळ बंद डबीच्या आत फिरणाऱ्या दांड्याचा जुन्या पद्धतीचा क्विक रिलीज मागच्या चाकापुरता घ्या.

हँगरचे बोल्ट आठवडाभराने पुन्हा तपासा. त्याच आकाराचा एक हँगर जास्तीचा घेऊन ठेवा, मात्र घेताना जुना काढून सोबत न्या, कारण याचे शेकडो आकार येतात आणि नुसत्या सायकलच्या नावावरून बरोबर तुकडा मिळेलच असे नाही.